दोन किल्ल्यांचा संगणक

आमच्या वाचनालयाच्या संगणकाला मी कुलूप लावल्यापासून तो आजवर कुणालाही फोडता आलेला नाही, हे मी छाती पुढे काढून सांगतो. मधले तीन दिवस तो आम्हालाही उघडता आला नाही, हे मी सहसा सांगत नाही. पण अलीकडे रहिमतपुरात ही हकिकत वाटेल तशी सांगितली जाते. परवा कटिंगच्या दुकानात मी गालाला साबण लावून बसलो असताना शेजारच्या खुर्चीतल्या माणसाने ती मलाच ऐकवली, आणि तीत माझं नावसुद्धा चुकवलं. तेव्हा जे घडलं ते मीच सांगून टाकतो.

सुरुवात माझ्या पासष्टाव्या वाढदिवसाला झाली. सकाळी साडेआठला शकुंतलाबाईंचा फोन आला. शकुंतलाबाई आमच्या ग्रंथपाल. बोलणं मोजकं.

"गंगाधरपंत, जरा येऊन जाता का? संगणकावर तुम्ही आला आहात."

जाऊन पाहतो तो काय, पडद्यावर एरवी जिथे निळं आकाश असतं तिथे मी होतो. डोळ्यांवर हिरवा गॉगल, गळ्यात जाडजूड साखळी, पाठीमागे डरकाळी फोडणारा वाघ, आणि खाली ठळक अक्षरांत 'भावी नगराध्यक्ष मा. गंगाधरपंत यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'. हिरवा गॉगल मी आयुष्यात घातलेला नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर घातला होता, तो काळा होता आणि डॉक्टरांचा होता.

त्यात नेमके लालासाहेब पेपर वाचायला आलेले. लालासाहेब आमचे अध्यक्ष. दोनदा नगरसेवक होते, नगराध्यक्षपदाला एकदा पडलेत आणि पुन्हा उभं राहायची त्यांची तयारी चालू आहे. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, चष्मा काढून पुसला आणि परत पडद्याकडे पाहिलं.

"पंत, उभं ऱ्हायाचं तर ऱ्हावा. लोकशाही हाय. पर मला आदी सांगाय पायजे हुतं."

मी शपथेवर सांगितलं की माझ्या मनात तसं काही नाही. त्यांचा विश्वास बसला नाही. वाघ पाहिल्यावर कुणाचाच बसला नसता.

गुन्हेगार शोधायला लागला नाही. जोतीराम हवालदार स्वतःच पुढे आला. सैन्यात सिग्नलमध्ये वीस वर्षं काढून हा गडी आता आमच्याकडे रोज पेपर वाचतो. "मीच केलं. हॅपी बर्थडे, पंत," म्हणत त्याने माझा हात हातात घेऊन असा दाबला की दिवसभर मला सही करता आली नाही.

खरा धक्का पुढे होता. हा संगणक सगळ्यांचा. दुपारी मुलं परीक्षेचे अर्ज भरतात, संध्याकाळी शेतकरी सातबारा बघतात, बाकी वेळ शकुंतलाबाई. दान मिळालेलं यंत्र जुनं, त्यावर दुसरं काही चालेना म्हणून लिनक्स ही फुकटची प्रणाली घातलेली. त्यातला मालकीहक्काचा पासवर्ड फक्त मला ठाऊक, कारण मी संगणक समितीचा प्रमुख आहे. समितीत मी एकटाच आहे, पण प्रमुख आहे. मग जोतीराम आत शिरला कसा?

"हे बगा," त्याने यंत्र बंद करून परत चालू केलं. "सुरू हुताना ही यादी येती. हिला ग्रब म्हनत्यात. हितं 'ई' दाबायचं, ह्या वळीत दोन शब्द घालायचं. झालं, तुमी मालक."

"आणि पासवर्ड?"

"इचारतच न्हाई. गेटावर संत्रीच न्हाई तुमच्या."

मी चौतीस वर्षं सांगलीच्या एका सहकारी बँकेत काढली, त्यांतली अकरा हेड कॅशियर म्हणून. पुढच्या दाराला कुलूप आणि परसदार सताड उघडं, हे ऐकून मला घाम फुटला. माझ्या गॉगलचं एक वेळ सोडा. त्या यंत्रात शकुंतलाबाईंची यादी होती. अकरा हजार चारशे पुस्तकं, त्यांचे लेखक, कपाट, फळी, सगळं त्यांनी दोन वर्षं दोन बोटांनी टाकलेलं. वाचनालय सरकारदरबारी बावीस वर्षं 'ब' वर्गात अडकलेलं होतं. मागच्या तपासणीत 'संगणकीकृत यादी नाही' एवढ्या एका शेऱ्यावर आमचा 'अ' वर्ग हुकला होता. पुढच्या महिन्यात पुन्हा तपासणी होती आणि मार्चमध्ये शकुंतलाबाई निवृत्त होणार होत्या. दारावर 'अ' वर्गाची पाटी बघून जायची, एवढीच त्या बाईंची इच्छा. कुणी हसतहसत दोन शब्द घालून ती यादी पुसली असती तर?

सल्ले भरपूर मिळाले. एकाने सांगितलं, संगणक कपाटात ठेवा. दुसरा म्हणाला, वायर काढून रोज घरी न्या. आमची ही म्हणाली, "त्या जोतीरामला एक दिवस जेवायला बोलवा, परत नाही करणार." हा सल्ला सगळ्यांत शहाणपणाचा होता, हे मला फार उशिरा कळलं.

मी आठ दिवस अभ्यास केला. ग्रबला पासवर्ड लावता येतो. तो आहे तसा लिहायचा नसतो, आधी यंत्राकडून कुटून घ्यायचा. डंकावर मिरची कुटून आणली की तिची परत मिरची होत नाही, तसाच तो. हे वाचून मला यंत्राबद्दल आदर वाटू लागला. पण पासवर्ड कुणाकडे ठेवायचा? एका माणसाच्या हाती सगळं, हे बँकेच्या रक्तात बसत नाही. तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक मॅनेजरकडे, एक हेड कॅशियरकडे, आणि दोघं हजर असल्याशिवाय दार उघडत नाही. मी ठरवलं, पासवर्डही दोन तुकड्यांत. पहिला अर्धा अध्यक्षांचा, दुसरा अर्धा कार्यवाहांचा. माझ्याकडे काहीच नाही. आपणच लावलेलं कुलूप आपल्यालाच उघडता येऊ नये, याहून मोठा प्रामाणिकपणा कोणता?

आता कार्यवाह म्हणजे सुमंत गुरुजी. निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचं आणि लालासाहेबांचं चौदा महिने बोलणं नव्हतं. लालासाहेबांचं चार पानी अध्यक्षीय भाषण गुरुजींनी अहवालात 'अध्यक्षांनी समयोचित विचार मांडले' एवढ्यात बसवलं होतं. दोघं एकाच टेबलाशी बसून माझ्यामार्फत बोलत. मला यात धोका दिसला नाही. ज्यांचं जमत नाही अशी दोन माणसं किल्ल्यांना उत्तम, हे बँकेत आम्ही मुद्दाम बघत असू.

एका रविवारी विधी झाला. मी आज्ञा लिहिली. पडद्यावर पासवर्डची जागा आली. गुरुजी आणि मी भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. बाहेर रस्त्यावर वरातीचा बँड चालला होता. लालासाहेब बसले आणि मिनिटभरात म्हणाले, "झालं." सत्तरीच्या माणसाचा तो झपाटा बघून मी थक्क झालो. मग ते आणि मी भिंतीकडे, गुरुजी यंत्राकडे. खात्रीसाठी सगळं दुसऱ्यांदा झालं. टाकलेलं पडद्यावर काही उमटत नाही, ठिपकासुद्धा नाही. दोन्ही वेळचं जुळलं, यंत्राने कुटून दीडवीत लांब भुकटी हातात दिली आणि मी ती जागच्या जागी बसवली.

बँकेच्या रीतीने दोघांनी आपापला अर्धा चिठ्ठीवर लिहून पाकिटात घातला. लाखेची मोहोर केली. डुप्लिकेट किल्ल्या दुसऱ्या शाखेत ठेवतात, म्हणून मी पॅसेंजरने सांगलीला जाऊन पाकिटं तिथल्या एका वाचनालयात ठेवून आलो. तिथल्या ग्रंथपाल मयूरी. त्यांना मी चौदा कलमांची नियमावली दिली आणि पोच घेतली. तिथूनही कुणी आत शिरू नये म्हणून उरलेली लाख मी संगणकाच्या पेनड्राइव्हच्या भोकांत भरली. आमचा कीबोर्ड जुना, गोल पिनेचा, त्यामुळे काही अडलं नाही. जोतीराम ते बघून पेपर उचलून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसला.

कुलूप लावून झाल्यावर ते चालतं का बघायला यंत्र बंद करून चालू करायचं असतं. मी केलं नाही. तिजोरी एकदा बंद झाली की त्या दिवशी परत उघडायची नसते, ही चौतीस वर्षांची सवय. आणि शकुंतलाबाई रोज संध्याकाळी फक्त पडदा बंद करत, त्यांच्या मते तेवढ्याने संगणक बंद होत असे. तर असा तो तेवीस दिवस अखंड चालू राहिला आणि मी तेवीस दिवस ताठ मानेने फिरलो.

सोमवारी दुपारी दोनला वीज गेली. तीनला आली. साडेतीनला शकुंतलाबाईंचा फोन.

"पंत, हा नाव विचारतोय."

"कुणाचं?"

"ते त्यालाच ठाऊक. नाव झालं की पासवर्ड म्हणतोय. यादी उघडत नाही. आणि तपासणीच्या साहेबांचा निरोप आलाय, गुरुवारी अकराला येतायत."

जोतीरामने निदान केलं. "पंत, एक शब्द घालायचा ऱ्हायला. त्यानं साधं चालू कराय मोकळीक मिळती, फकस्त आत हात घालणाऱ्याला आडवायचं. तुमी समद्यांनाच आडवलंय." तो शब्द मी वाचला होता. पण मोकळीक देणारा शब्द हेड कॅशियरच्या हातून लिहिला जात नाही.

लालासाहेब जतला भाच्याच्या साखरपुड्याला गेले होते. मी म्हटलं, फोनवर सांगा. ते म्हणाले, "फोनवर? तुमचंच कलम न्हवं का?" होतं. कलम तीन. मंगळवारी दुपारी ते आले. मी नाव टाकलं, सगळे वळले. पाठीमागून बटणं वाजली, ठाम, एका लयीत. मग गुरुजींची. यंत्र पाचसहा सेकंद विचारात पडलं आणि त्याने आम्हाला बाहेर काढलं. तीनदा टाकलं, तीनदा बाहेर.

"मी बरोबर टाकलंय," लालासाहेब मला म्हणाले. "त्यांना इचारा."

"अध्यक्षांना सांगा, मी चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या आहेत," गुरुजी मला म्हणाले.

जोतीराम स्क्रूड्रायव्हर घेऊन आला. पेनड्राइव्हची भोकं लाखेने बुजलेली, तेव्हा आता डबा उघडून आतली डिस्कच काढतो म्हणाला. शकुंतलाबाई संगणकाच्या पुढ्यात उभ्या राहिल्या.

"माझी दोन वर्षं आहेत त्यात. दुसरीकडे नक्कल ठेवू म्हटलं तर यांचं कलम नऊ. आता कुणी त्या डब्याला स्क्रू लावला तर माझ्याशी गाठ आहे." माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बुधवारी पाकिटं परत मागण्याचा ठराव घेऊन मी सांगलीला पोचलो. मयूरीबाईंनी ठराव दोनदा वाचला.

"शिक्का नाही, काका."

मी गुरुजींकडून शिक्क्याचा फोटो मोबाइलवर मागवला.

"कलम सात," त्या म्हणाल्या. "छायाप्रत कोणत्याही परिस्थितीत ग्राह्य धरू नये. 'कोणत्याही'खाली तुम्ही दोन रेघा मारल्या आहेत."

मी ती नियमावली हातात घेऊन वाचली. अक्षर माझंच, पळवाट कुठेही नाही. त्या मुलीचा मला संताप आला आणि त्याच वेळी वाटलं, ही आमच्या बँकेत असती तर! शेवटी गुरुजी स्वतः शिक्का आणि शाईचं पॅड पिशवीत घालून एसटीने आले, काउंटरवर ठप्प करून शिक्का मारला आणि आम्ही दोन पाकिटं घेऊन परतलो. वाटेत गुरुजी एवढंच बोलले, "पंत, माझा अर्धा बरोबर आहे." कराड गेल्यावर परत एकदा बोलले.

गुरुवारी पावणेअकराला सगळ्यांदेखत पाकिटं फोडली. गुरुजींच्या चिठ्ठीत सुवाच्य अक्षरांत सात अक्षरं, खाली तारीख. लालासाहेबांच्या चिठ्ठीत एकच ओळ होती. 'माझ्या ध्यानात आहे. लिहिण्याची गरज नाही. अध्यक्ष.' खाली सही.

मी ती चिठ्ठी उलटीसुलटी करत असतानाच तपासणीचे साहेब आले. त्यांनी नोंदवह्या बघितल्या, खुर्च्या मोजल्या, स्वच्छतागृहाचं दार उघडून लावलं. शकुंतलाबाई बंद पडद्यासमोर हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. लालासाहेबांनी मला पेपरांच्या स्टँडमागे ओढलं.

"पंत, हसू नगा. त्या आइतवारी मी काय टाकलंच न्हाई."

"म्हणजे?"

"ती बटणं वळीनं न्हाईत. ए हितं, बी कुटं तिकडं खाली. मागं गुर्जी हुबं. म्हनलं, हुडकत बसलो तर हे मनात म्हनणार, चौथी शिकलेला अध्यक्ष. पडद्यावर तर काय उमटतच नव्हतं. मग नुसता बसलो आन् म्हनलं झालं. दुसऱ्या येळंलाबी तसंच."

"अहो, मग मंगळवारी?"

"मंगळवारी बरोबर टाकलं की! त्या आइतवारापास्नं रोज नातीच्या लॅपटॉपवर सराव केलाय. संयोगिता म्हनती, आजोबा, आता तुमाला न बगता येतंय."

म्हणजे पासवर्ड होता तो फक्त गुरुजींचा. कुलूप मंगळवारी उघडलं नाही, कारण लालासाहेबांनी मंगळवारी पहिल्यांदा प्रामाणिकपणे टाकलं! गुरुजींना 'तुम्ही एकटेच टाका' म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण मग कारण सांगावं लागलं असतं. लालासाहेब माझ्याकडे बघत होते. निवडणूक हरले त्या रात्रीसुद्धा त्यांचा चेहरा असा नव्हता. मी एवढंच म्हटलं, "या. टेबलावर बोटं वाजवा."

मग मोठ्याने पुकारलं, "नियमाप्रमाणे आधी अध्यक्ष!" आणि नाव टाकून बाजूला झालो.

सगळे भिंतीकडे वळले. साहेबही वळले. कशासाठी ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण सगळे वळले की वळावं एवढी त्यांची नोकरी झालेली होती. मागे टकटक झाली. लाकडावरची. माझ्या शेजारी गुरुजी उभे होते. चाळीस वर्षं परीक्षेच्या वर्गात फिरलेला माणूस. कोण लिहितंय आणि कोण नुसतं पेन फिरवतंय, हे त्यांना पाठमोऱ्याने कळतं. त्यांनी मान किंचित तिरपी केली, माझ्याकडे पाहिलं, आणि मी भिंतीवरच्या पोपड्याकडे पाहिलं. पाळी आल्यावर ते शांतपणे गेले आणि आपली सात अक्षरं टाकली. यंत्र विचारात पडलं. आणि निळं आकाश आलं.

पुढचा अर्धा तास शकुंतलाबाईंचा होता. साहेबांनी हळदीच्या लागवडीवर काही आहे का विचारलं. बाईंची दोन बोटं चालली. तीन पुस्तकं, कपाट नऊ, फळी चौथी, एक वाचकाकडे. साहेब स्वतः उठून कपाट नऊपाशी गेले. चौथ्या फळीवर दोन पुस्तकं होती. त्यांनी आणखी पाच विचारली, पाचही सापडली. बाईंनी एकदाच पदर सारखा केला. साहेबांनी शेरा लिहिला, 'यादी परिपूर्ण.' 'अ' वर्गाचं पत्र जानेवारीत आलं आणि पाटी बाईंनी रंगाऱ्यापाशी उभं राहून रंगवून घेतली. आज ते पत्र आमच्या दारात फ्रेम करून लावलेलं आहे, येऊन बघावं.

निघताना साहेबांनी विचारलं, "हा दोन माणसांचा पासवर्ड कुणी केला?" मी आठ दिवसांच्या अभ्यासासकट तोंड उघडलं. पण गुरुजी आधी बोलले.

"कुलूप दोघांचं आहे, साहेब. अध्यक्षांनी आपला वाटा टाकल्याशिवाय ते उघडत नाही."

साहेब गेले. लालासाहेब टोपी हातात घेऊन उभे राहिले. चौदा महिन्यांत पहिल्यांदा ते माझ्यामार्फत बोलले नाहीत.

"गुर्जी, तुमाला कळलं हुतं."

"हो."

"मग बोलला का न्हाई?"

"एका पोराची पाटी मी कधी दुसऱ्या पोरांना दाखवली नाही."

लालासाहेबांनी टोपी टेबलावर ठेवली. "मला दावा ती बटणं. नातीम्होरं येतंय, तुमच्याम्होरं येत न्हाई."

गुरुजींनी खुर्ची ओढून दिली आणि स्वतः शेजारी बसले. कुठलं अक्षर कुठे, हे अर्धा तास चाललं. जोतीरामने तो राहिलेला शब्द माझ्याकडून लिहून घेतला. लाखसुद्धा खरवडून काढली आणि शकुंतलाबाईंनी कलम नऊ खोडून यादीची नक्कल घेतली. मग मी नव्या पासवर्डची जागा पडद्यावर आणली. मी, शकुंतलाबाई, जोतीराम भिंतीकडे वळलो. गुरुजीही उठून आमच्यात येऊन उभे राहिले. "तुमचा अर्धा तुमचा आहे, मी बघणार नाही," ते म्हणाले.

बटणं वाजायला लागली. एकेक, सावकाश, खरीखुरी. मी मोजत होतो. चौतीस वर्षांत दोन किल्ल्यांनी पुष्कळ दारं उघडली, पण त्यांतल्या एकाही दारापाशी माझा ऊर इतका भरून आलेला नव्हता. सातव्या बटणानंतर आवाज थांबला. बराच वेळ गेला.

"घाई नाही, अध्यक्ष," गुरुजी भिंतीकडे बघत म्हणाले.

आणि आठवं बटण वाजलं.